कोपरगाव बेट

अहिल्यानगर जिल्ह्यातील कोपरगाव शहराला लागून, गोदावरीकाठी असलेले तीर्थस्थान. शुक्राचार्य आणि कचेश्वर ही येथील दोन प्रमुख देवस्थाने. जनार्दन स्वामी मौनगिरी महाराजांचे समाधिस्थान व आश्रमही येथेच आहे. नावात बेट असले तरी नावेची वाट पाहावी लागत नाही. बेट आता शहराचाच एक भाग झाले आहे आणि गाडी थेट जाते. चहूबाजूंनी पाणी, घाटावरून नावा आणि बेटाची परिक्रमा असा थाट पाहायचा तर नर्मदेतले ओंकारेश्वर गाठावे, किंवा दत्तभक्तांचे कृष्णेतले कुरवपूर. कोपरगावचे महत्त्व भूगोलापेक्षा कथेत अधिक आहे.

ती कथा महाभारताच्या आदिपर्वातली. देव-दानवांच्या युद्धात मेलेले दानव शुक्राचार्य संजीवनी विद्येने पुन्हा उठवत. देवांचे गुरू बृहस्पती यांच्यापाशी ती विद्या नव्हती. म्हणून बृहस्पतींचा मुलगा कच शत्रूच्या गुरूकडे शिष्य म्हणून गेला. दानवांनी त्याला दोनदा मारले, आणि मुलगी देवयानी हिच्या हट्टापायी शुक्राचार्यांनी दोन्ही वेळा जिवंत केले. तिसऱ्या वेळी दानवांनी डाव बदलला. कचाला जाळून त्याची राख मद्यात कालवली आणि ते मद्य गुरूलाच पाजले. आता शिष्य जगवायचा तर गुरूचे पोट फाटणार. शेवटी शुक्राचार्यांनी पोटातल्या कचाला विद्या शिकवली. तो पोट फाडून बाहेर आला आणि त्याच विद्येने त्याने गुरूला उठवले. शुद्धीवर आल्यावर शुक्राचार्यांनी ब्राह्मणांना मद्यपान निषिद्ध ठरवले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी ‘विद्याहरण’ (१९१३) या संगीत नाटकात मद्यपानाचा हाच धागा पुढे नेला. वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’त (१९५९) कच भेटतो तो पुढच्या वयातला, विरक्त.

हे सारे कोपरगावच्या काठी घडले असे महाभारत सांगत नाही. ते सांगते स्थानिक परंपरा. शुक्राचार्यांचा आश्रम येथे होता आणि कचाला विद्या मिळाली ती येथेच, अशी श्रद्धा आहे. कचेश्वर हे नाव त्याच कचाचे. तालुक्याच्या अंगात ही कथा इतकी मुरली आहे की येथला एक सहकारी साखर कारखाना पूर्वी ‘संजीवनी’ याच नावाचा होता आणि एक मोठा शिक्षणसमूह आजही त्याच नावाने ओळखला जातो.

शुक्राचार्य हे दैत्यांचे गुरू. पुराणांत त्यांची बाजू बहुधा हरणारी. अशा गुरूचे स्वतंत्र देऊळ मिळणे दुर्मीळ, आणि कोपरगाव त्याच्यासाठीच ओळखले जाते. त्याला एक व्यावहारिक बाजूही आहे. पंचांगात शुक्राचा अस्त असला की लग्नाचे मुहूर्त थांबतात. गुरू ग्रह सिंह राशीत असताना, म्हणजे सिंहस्थातही, लग्न टाळण्याची जुनी रीत आहे. बेटावर मात्र मुहूर्ताची अडचण येत नाही, कारण शुक्राचार्यांच्या रूपाने शुक्र स्वतःच येथे बसलेला, असा हिशेब लोक मांडतात. त्यामुळे मुहूर्त न जुळलेली किंवा घाईची लग्ने शुक्राचार्यांच्या साक्षीने लावण्याची प्रथा आहे. गंमत अशी की याच कथेत देवयानीचे कचाशी लग्न काही होत नाही. गुरुकन्या ती बहीण, असे सांगून तो नकार देतो आणि दोघे एकमेकांना शाप देऊन वेगळे होतात. नाशिकचा पुढचा सिंहस्थ ऑक्टोबर २०२६ मध्ये सुरू होतो, तेव्हा बेटावरची वर्दळ वाढली तर नवल नाही.

इतिहासात या गावाचे नाव राघोबादादा ऊर्फ रघुनाथराव पेशव्यांशी जोडलेले आहे. पेशवे नारायणरावांच्या खुनानंतर (१७७३) पेशवाईच्या वादात इंग्रजांना गाठणारे रघुनाथराव १७८२ च्या सालबाईच्या तहाने निवृत्त झाले. दरमहा २५ हजार रुपयांची नेमणूक घेऊन ते कोपरगावी येऊन राहिले आणि डिसेंबर १७८३ मध्ये येथेच वारले. त्यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, १७८४ मध्ये, पत्नी आनंदीबाईंना मुलगा दुसरा चिमाजी झाला तोही येथेच. त्यांचा थोरला मुलगा, शेवटचा पेशवा दुसरा बाजीराव, याच्या बालपणाची काही वर्षेही याच गावात गेली. शहरातला राघोबादादांचा वाडा अजून उभा आहे. बेटावरही त्यांचा एक वाडा होता. १८८४ च्या गॅझेटियरमध्ये तो पाडल्याची नोंद सापडते. देवळे राहिली, वाडा गेला. जवळच्या हिंगणी येथेही त्यांचा वाडा व स्मारक होते.

विसाव्या शतकात बेटाला नवी गर्दी मिळाली ती जनार्दन स्वामींमुळे. १९८९ मध्ये ते समाधिस्थ झाले. त्यांचा भक्तवर्ग नाशिक, छत्रपती संभाजीनगर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत मोठा आहे. आज येणाऱ्यांपैकी अनेकांच्या लेखी बेट म्हणजे आधी स्वामींची समाधी, शुक्राचार्य नंतर.

अहिल्यानगर शहरालगतच्या केडगावहून कोपरगाव सुमारे १०० किलोमीटर आहे. शहर ओलांडून मनमाड रस्त्याला लागले की राहुरीला मुळा, कोल्हारला प्रवरा आणि शेवटी कोपरगावला गोदावरी अशा तीन नद्या ओलांडाव्या लागतात. मुळा पुढे प्रवरेला मिळते आणि प्रवरा नेवासे तालुक्यात प्रवरासंगमला गोदावरीत उतरते; म्हणजे वाटेत लागलेले सगळे पाणी शेवटी गोदावरीचेच. कोल्हारला भगवतीमातेचे देऊळ आहे आणि पुढे शिर्डी लागते. बहुतेक भाविक शिर्डीलाच थांबून परततात, बेट तिथून जेमतेम पंधरा किलोमीटरवर असूनही. दौंड–मनमाड लोहमार्गावर कोपरगावचे स्थानकही आहे, पण ते गावापासून दूर पडते. रस्त्याबद्दल चांगले बोलणारा माणूस विरळाच. त्यात ऊसतोडीच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे वेळ जातो तो वेगळा.

नदीचा स्वभाव ध्यानात ठेवावा. उन्हाळ्यात पात्र उघडे पडते. पावसाळ्यात नाशिकची धरणे भरली की नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यातून सुटणारे पाणी थेट कोपरगावकडे येते. ऑगस्ट २०१९ मध्ये या पाण्याने गोदाकाठच्या गावांची दैना उडवली होती. म्हणून श्रावणात निघायचे असेल तर नांदूर मधमेश्वरचा विसर्ग किती आहे ते पाहूनच घर सोडावे. पाणी ओसरल्यानंतरचे हिवाळ्याचे दिवस बेट पाहायला सर्वांत सोयीचे.