शांततेच्या यादीत कुष्ठरोग

महात्मा गांधींचे नाव नोबेल शांतता पुरस्कारासाठी 1937, 1938, 1939, 1947 आणि 1948 असे पाच वेळा सुचवले गेले आणि पाचही वेळा मागे राहिले. त्यांच्या हत्येच्या वर्षी, 1948 मध्ये, नॉर्वेच्या समितीने कुणालाच पुरस्कार दिला नाही; योग्य अशी हयात व्यक्ती मिळाली नाही, असे कारण दिले. गांधीजींच्या 125 व्या जयंतीच्या निमित्ताने 1995 मध्ये भारत सरकारने आंतरराष्ट्रीय गांधी शांतता पुरस्कार सुरू केला, त्याला या उपेक्षेची पार्श्वभूमी आहे. एक कोटी रुपये आणि मानपत्र असे त्याचे स्वरूप. राष्ट्र, वंश, भाषा, जात, धर्म, लिंग यांची अट नाही. निवड समितीत पंतप्रधान, सरन्यायाधीश आणि लोकसभेतील विरोधी पक्षनेते बसतात. तेव्हापासूनच्या मानकऱ्यांची यादी वाचताना मला असे ठामपणे वाटते की, या पुरस्काराने गांधीजींच्या मनातली शांतता सर्वांत नेमकी ओळखली ती कुष्ठरोगाशी झुंजणाऱ्या माणसांचा गौरव करताना. 1997 मध्ये जर्मन मुत्सद्दी गेऱ्हार्ड फिशर, 1999 मध्ये बाबा आमटे आणि 2018 मध्ये जपानचे योहेई ससाकावा हे ते तिघे.

यादीचा दुसरा, अधिक झगमगता भाग आधी पाहू. पहिला पुरस्कार टांझानियाच्या ज्युलियस न्यरेरे यांना मिळाला. पुढे नेल्सन मंडेला, उत्तर आयर्लंडचे जॉन ह्यूम, वाक्लाव हावेल, डेस्मंड टुटू ही नावे आली. ही सारी थोर माणसे, याबद्दल दुमत नाही. पण मंडेला, ह्यूम आणि टुटू यांना नोबेल आधीच मिळालेले होते. त्यांना निवडताना दिल्लीने ऑस्लोचाच निर्णय पुन्हा उच्चारला. याउलट बांगलादेशच्या ग्रामीण बँकेला गांधी पुरस्कार 2000 मध्ये मिळाला आणि नोबेल 2006 मध्ये. श्रीलंकेत श्रमदानातून खेडी उभी करणारे ए. टी. अरियरत्ने, चिपको आंदोलनाचे चंडीप्रसाद भट्ट हीसुद्धा अशीच स्वतंत्र नजरेने केलेली निवड. राष्ट्रप्रमुख आणि मुक्तिलढ्यांचे नेते बाजूला ठेवले, की यादीत एक वेगळीच सलगता दिसू लागते: गावात, वस्तीत, माणसामाणसांतल्या भिंतीपाशी वर्षानुवर्षे चाललेले काम. गांधीजी त्याला विधायक कार्यक्रम म्हणत.

त्या कार्यक्रमातच या युक्तिवादाचा मुख्य पुरावा आहे. विधायक कार्यक्रमावरची गांधीजींची पुस्तिका 1941 ची, आणि तिची सुधारलेली आवृत्ती 1945 ची. कलमे तेरावरून अठरावर गेली आणि वाढीव कलमांत कुष्ठरोग्यांची सेवा आली. हिंदू-मुस्लीम ऐक्य आणि अस्पृश्यतानिवारण यांच्याच रांगेत, स्वराज्याची अट म्हणून. ही भर निव्वळ विचारातून पडलेली नव्हती. संस्कृत पंडित परचुरे शास्त्री येरवड्याच्या तुरुंगात होते तेव्हापासून गांधीजींना त्यांच्या कुष्ठरोगाची माहिती होती. पुढे शास्त्री सेवाग्रामला आले, तेव्हा संसर्गाच्या भीतीने आश्रमात चलबिचल झाली. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतले आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या अंगाला मालिश केले. त्याआधीच, 1936 मध्ये, मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले होते. 1951 मध्ये वर्ध्यातच गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान उभे राहिले. तिथे डॉ. वारदेकरांनी सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी पद्धत बसवली. रुग्णाला गावाबाहेर नेऊन ठेवण्याऐवजी त्याच्या दारात औषध पोचवायचे, हे तिचे सार. डॅप्सोनच्या गोळ्यांमुळे ते आता शक्यही झाले होते. त्याच वर्षी चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ बाबा आमटेंचे आनंदवन सुरू झाले. एका जिल्ह्यात आणि त्याच्या शेजारात, पंधरा वर्षांत, ही तीन ठिकाणे उभी राहावीत, यात गांधीजींच्या वर्ध्यातल्या वास्तव्याचा वाटा मोठा आहे.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे आणि तो हलका नाही. कुष्ठरोग हा जंतूने होणारा आजार. त्यावर काम करणाऱ्याला वैद्यकसेवेचा पुरस्कार द्यावा, त्याचा शांततेशी काय संबंध? या आक्षेपाला उत्तर वैद्यकाच्या पुस्तकांपेक्षा कायद्याच्या पुस्तकांत अधिक स्पष्ट मिळते. 1898 च्या कुष्ठरोग्यांसंबंधीच्या कायद्याने भीक मागणाऱ्या रुग्णाला पकडून कोंडण्याचा अधिकार सरकारला दिला. विकण्यासाठी अन्न शिजवणे, सार्वजनिक विहिरीवर किंवा तळ्यावर आंघोळ करणे यांवरही बंदी घालण्याची सोय त्यात होती. विहीर बंद करणे म्हणजे काय, हे चवदार तळ्याचा सत्याग्रह पाहिलेल्या महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. स्वतंत्र भारतात 1955 साली राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि त्याच वर्षीच्या हिंदू विवाह कायद्याने उग्र व असाध्य कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून नोंदवले. 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली, रोग पूर्ण बरा होऊ लागला, 2005 च्या अखेरीस दर दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट भारताने गाठले. तरी 1898 चा केंद्रीय कायदा रद्द व्हायला 2016 उजाडले, आणि घटस्फोटाचे ते कारण विवाहकायद्यांतून 2019 मध्ये निघाले. जंतू मेल्यावरही जी शिक्षा चालू राहते, ती आजाराची नव्हे. हातात शस्त्र न घेता समाजाने आपल्याच माणसांवर केलेली ती हिंसा आहे, आणि ती थांबवणे हे शांततेचेच काम आहे. फिशर आणि आमटे यांचा राष्ट्रपती भवनात सन्मान झाला तेव्हा या देशाच्या कायद्यात हे सारे शाबूत होते, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

तिघांची वाट मात्र एक नाही. फिशर परराष्ट्रसेवेतून आले आणि त्यांनी कुष्ठरोग व पोलिओच्या कामाला वाहून घेतले. निप्पॉन फाउंडेशनचे ससाकावा 2001 पासून कुष्ठरोग निर्मूलनासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे सदिच्छादूत आहेत. या रोगावरून होणारा भेदभाव हा मानवी हक्कांचा प्रश्न मानला जावा, यासाठी त्यांनी संयुक्त राष्ट्रांत पाठपुरावा केला. बाबा आमटेंचे वेगळेपण याहून खोल आहे. गांधीजींच्या कलमात सेवा हा शब्द होता. आमटेंनी तिथे श्रम आणला. आनंदवनात रुग्णांनी विहिरी खणल्या, शेती केली, माग चालवले, इमारती उभ्या केल्या. दान घेणारा माणूस दात्यापुढे कायम खाली राहतो, कमावणारा राहत नाही, ही त्यांची भूमिका होती. म्हणून आमटे हे गांधीजींचे नुसते अनुयायी ठरत नाहीत. त्यांनी ते कलम पुढे नेले. शिवाय पुरस्कार मिळाला त्या काळात ते नर्मदेकाठी कसरावदला राहून धरणाला विरोध करत होते. राज्यसंस्थेशी झगडणाऱ्या माणसाला राज्यसंस्थेनेच गौरवावे, ही त्या निवड समितीच्या मनाची मोठी गोष्ट.

दुसरा आक्षेप असा की, तीन नावांवरून एवढा अर्थ काढणे म्हणजे ताणणे आहे. समितीने काही ठरवून हा धागा विणलेला नाही. सरकारे बदलली, पसंती बदलली. हे खरे आहे. 2006 ते 2012 या वर्षांचा पुरस्कार दिलाच गेला नाही. 2014 चा पुरस्कार इस्रोला, 2019 चा ओमानचे दिवंगत सुलतान काबूस यांना गेला. अवकाश संशोधन आणि परराष्ट्रसंबंध यांचे मोल मोठे आहे, पण तिथे गांधीजींचे नाव केवळ प्रतिष्ठेपुरते उरते, असे माझे मत आहे. मात्र कुणी ठरवलेले नसतानाही सुमारे वीस वर्षांत तीनदा, तीन वेगळ्या देशांतली माणसे निवडताना, समित्या याच रोगापाशी आल्या, याचा अर्थ गांधीजींचे ते कलम अजून कुणाकुणाला दिशा दाखवते आहे. ससाकावांना 2018 चा पुरस्कार फेब्रुवारी 2019 मध्ये प्रदान झाला, आणि घटस्फोटाचे कारण वगळणारा कायदाही त्याच महिन्यात संमत झाला.

एक उणीव तरीही उरते आणि ती यादीच्या या सर्वांत चांगल्या भागातही आहे. फिशर, आमटे, ससाकावा हे तिघेही रोग्यांच्या बाजूने उभे राहिलेले निरोगी लोक. आनंदवनाच्या विहिरी ज्यांनी खणल्या, बोटे झडलेल्या हातांनी ज्यांनी माग चालवले, त्यांच्यापैकी कुणाचे नाव मानपत्रावर नाही. संस्थांना हा पुरस्कार देता येतो, हे ग्रामीण बँकेपासून इस्रोपर्यंत दिसले आहेच. कुष्ठरोगातून गेलेल्या लोकांच्या स्वतःच्या संघटना आज भारतात आहेत. वसाहतींतल्या जमिनीचे हक्क, निवृत्तिवेतन, मुलांचे शिक्षण यांसाठी त्या सरकारदरबारी स्वतः बोलतात. निवड समितीने पुढच्या वेळी त्यांच्याकडे पाहावे.