गव्हाण

परवा भाचीने पेपरमधली बातमी वाचता वाचता विचारलं, "मामा, गव्हाणीत मोळी टाकून गळीत हंगाम सुरू झाला म्हणजे काय रे?" मी म्हटलं, मोळी उसाची आणि गव्हाण साखर कारखान्याची. ऊस जिथे टाकतात आणि तिथून पट्ट्यावरून गाळपाला नेतात, ती जागा. "पण गव्हाणच का?" तेव्हा लक्षात आलं, या मुलीने खरी गव्हाण पाहिलेलीच नाही!

गोठ्यात दावणीपुढे दगडामातीचा बांध घालून केलेली, कडबा नि वैरण टाकायची जागा म्हणजे गव्हाण. संस्कृतात 'गवादनी' असा शब्द आहे. गो अधिक अदन, म्हणजे गाईने जिथे खायचं ती. प्राकृतात त्यातला 'द' गळाला, 'न'चा 'ण' झाला आणि मराठीत येईपर्यंत मध्ये एक हकार शिरला. गंमत म्हणजे 'अदन' ज्या 'अद्' धातूपासून आलं, त्याच धातूचं 'अन्न'. आपलं ताट आणि बैलाची गव्हाण अशी एका घरातली.

पाण्याच्या जागेलाही असाच जुना शब्द आहे, 'आहाव'. विहिरीजवळचा गुरांचा हौद. पाणिनीने त्यासाठी वेगळं सूत्र केलंय. मूळ धातू हाक मारण्याचा. गुरांना जिथे हाक मारून पाण्यावर बोलवायचं, तो आहाव! व्याकरणात गुराख्याची हाक ऐकू येते, नाही?

इंग्रजीतला 'मेंजर' फ्रेंचमधून आला. त्याच्या मुळाशी लॅटिनमधलं 'चावणे' आहे. तिथेही जागेचं नाव खाण्यावरूनच पडलं. मराठी बायबलात बाळ येशूला ठेवलं ते गव्हाणीतच. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसने वैरण, बैल आणि गाढव आणून तो देखावा उभा केला. आजही नाताळात तो घरोघरी मांडतात. गोव्यात त्याला 'गोठो' म्हणतात.

आणि आपल्याकडे? प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५०-५१च्या हंगामात सुरू झाला. मग गावोगावी धुराडी उभी राहिली. यंत्राच्या तोंडाला नाव द्यायची वेळ आली तेव्हा शेतकऱ्याला गोठाच आठवला. पुढे उसाच्या दरासाठी आंदोलन करणाऱ्यांनी कारखाना बंद पाडायला उड्या टाकल्या त्याही गव्हाणीतच. कुणाचं पोट अडवलं की लक्ष वेधतं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

आमची बैलजोडी गेली त्याला बरीच वर्षं झाली. गोठ्यात आता मोटारसायकल असते आणि गव्हाणीत रिकामी पोती. वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू! पण शब्द पेपरात पहिल्या पानावर आहे, आणि भाचीने तो विचारला.

दिवाळीत तिला गावी नेईन म्हणतो. पोती काढून ठेवा रे कुणीतरी.