मतपेटीच्या आधीं
(नभोवाणीवरील भाषण)



१९१२ सालच्या आक्टोबर महिन्यांत पुण्याचे गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेंत उतरले, ही गोष्ट आपणांपैकीं पुष्कळांना ठाऊक असेल. तेथील हिंदी मजुरांवर लादलेला दरसाल तीन पौंडांचा कर उठावा म्हणून गांधींच्या विनंतीवरून ते गेले होते. जोहान्सबर्ग येथें जमलेल्या हिंदी लोकांपुढें त्यांनीं इंग्रजी सोडून मराठींत बोलावें, असा गांधींनीं आग्रह धरला. गोखले मराठींत बोलले आणि गांधींनीं त्या भाषणाचें हिंदुस्थानींत भाषांतर करून सांगितलें. पुढें प्रिटोरियास गोखल्यांनीं जनरल बोथा व जनरल स्मट्स या मंत्र्यांची भेट घेतली, आणि एका वर्षाच्या आंत सर्व कांहीं सुरळीत होईल असा विश्वास बाळगून ते स्वदेशीं परतले. गांधींना तो विश्वास वाटला नाहीं. आणि खरोखरच पुढील वर्षीं पुन्हां सत्याग्रह करावा लागला.

त्याच १९१२ सालच्या जानेवारींत ब्लूमफाँटेन गांवीं त्या देशाच्या मूळच्या कृष्णवर्णीय रहिवाशांनीं आपली एक राष्ट्रीय सभा स्थापन केली होती. तीच पुढें आफ्रिकन नॅशनल काँग्रेस या नांवानें प्रसिद्धीस आली. गोखल्यांशीं मंत्री निदान बरोबरीनें बोलले. परंतु या सभेला बरोबरीची मानून तिच्याशीं वाटाघाट करण्यास तेथील सरकार पुढें पाऊणशें वर्षें सिद्ध झालें नाहीं. १९६० च्या एप्रिलांत तर तिच्यावर बंदी घालण्यांत आली. तिच्या पुढाऱ्यांचे शब्द छापणें हाही अपराध ठरला. ज्या देशांत बहुसंख्यांचे शब्द ऐकणें हेंच कायद्याबाहेरचें, तेथें लोकशाहीचा आरंभ कोठून करावयाचा? या प्रश्नाचें एक उत्तर शोधणाऱ्या संस्थेची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे. तिचें नांव इडासा.

१९८३ सालीं दक्षिण आफ्रिकेच्या सरकारनें नवी राज्यघटना केली आणि पार्लमेंटाचीं तीन सभागृहें निर्माण केलीं: गोऱ्यांचें एक, संमिश्र वंशाच्या लोकांचें दुसरें आणि हिंदी लोकांचें तिसरें. कृष्णवर्णीयांना मात्र, म्हणजे देशाच्या फार मोठ्या बहुसंख्येला, एकही जागा ठेवली नव्हती. १९८४ सालीं या नव्या सभागृहासाठीं निवडणूक झाली, तेव्हां हिंदी मतदारांपैकीं बहुतेकांनीं मत देण्याचें नाकारलें. शेजाऱ्याला वगळून मिळालेला हक्क त्यांना हक्क वाटला नाहीं, आणि ही गोष्ट आपण अभिमानानें स्मरावी अशीच आहे.

त्या वेळीं गोऱ्यांच्या सभागृहांत विरोधी पक्षाचे नेते होते फ्रेडरिक व्हान झाइल स्लॅबर्ट. हे समाजशास्त्राचे अध्यापक आणि जन्मानें आफ्रिकानर, म्हणजे सत्ताधाऱ्यांच्याच जातभाईंपैकीं. १९८६ च्या फेब्रुवारींत त्यांनीं भर सभागृहांत आपला राजीनामा जाहीर केला. पाठोपाठ त्यांचे सहकारी अॅलेक्स बोरेन हेही बाहेर पडले. बोरेन पूर्वीं मेथॉडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक होते. स्वपक्षीयांनीं या दोघांना दूषणें दिलीं. हेलन सुझमन यांच्यासारख्या, वर्णभेदाशीं आयुष्यभर झुंजलेल्या बाईंनाही हें पाऊल रुचलें नाहीं. पार्लमेंटांतील आपली जागा सोडणें म्हणजे रणांगण सोडणें, असें त्यांचें मत. स्लॅबर्ट यांचें म्हणणें असें कीं, ज्या सभागृहांत देशाचा खरा प्रश्न उपस्थितच होऊं शकत नाहीं, तेथें विरोधी बांकावर बसून राहणें म्हणजे त्या नाटकाला शोभा आणणें होय.

जून १९८६ मध्यें साऱ्या देशांत आणीबाणी पुकारली गेली. अशा काळांत या दोघांनीं दक्षिण आफ्रिकेसाठीं लोकशाही पर्याय शोधणारी संस्था काढली. इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून ती इडासा म्हणून ओळखली जाऊं लागली. तिला निवडणूक लढवावयाची नव्हती, कीं शस्त्र उचलावयाचें नव्हतें. जीं माणसें एकमेकांस कधीं भेटलींच नव्हतीं त्यांना समोरासमोर बसवावयाचें, एवढाच तिचा आरंभींचा उद्योग.

त्यांतील सर्वांत धाडसाचा प्रसंग जुलै १९८७ मधला. इडासानें सुमारें साठ माणसें, बहुतेक आफ्रिकानर, सेनेगालची राजधानी डाकार येथें नेलीं. त्यांत प्राध्यापक होते, लेखक होते, धर्मोपदेशक होते, व्यापारी होते. परदेशीं राहिलेले कवि ब्रेटन ब्रेटेनबाख यांनीं या जुळवाजुळवींत मोठा हात दिला. समोर काँग्रेसचे सतरा प्रतिनिधि बसले, आणि त्यांचे प्रमुख होते थाबो म्बेकी. आपली ओळख करून देतांना म्बेकी यांनीं मीही एक आफ्रिकानरच, असें हंसत हंसत सांगितलें, आणि सभेंतील ताण सैल झाला. चर्चा मात्र गोड नव्हती. सशस्त्र लढ्याविषयीं पाहुण्यांनीं परखड प्रश्न विचारले. काँग्रेसच्या लोकांनीं शांततेचे मार्ग कसे एकामागून एक बंद झाले तें सांगितलें. अखेर जें संयुक्त निवेदन निघालें त्यांत वाटाघाटीचा मार्गच श्रेयस्कर असें उभयपक्षीं मान्य झालें. राजबंद्यांची मुक्तता व संघटनांवरील बंदी उठणें ही त्याची पहिली पायरी ठरली.

तेथून ही मंडळी बुर्किना फासो व घाना या देशांस गेली. बुर्किना फासोचे तरुण अध्यक्ष थॉमस संकारा यांनीं त्यांचें स्वागत केलें. त्यानंतर तीनच महिन्यांनीं, १५ आक्टोबर १९८७ रोजीं, संकारा यांचा वध झाला. प्रवासी स्वदेशीं उतरले तेव्हां विमानतळावर कडव्या गोऱ्यांची निदर्शनें त्यांची वाट पाहत होतीं. सरकारनें त्यांच्यावर आग पाखडली. परंतु शत्रु म्हणून ज्याचें चित्र लहानपणापासून मनावर कोरलें होतें, त्याच्या पंक्तीला बसून जेवल्यावर तें चित्र पूर्ववत् राहत नाहीं. २ फेब्रुवारी १९९० रोजीं अध्यक्ष डी क्लर्क यांनीं काँग्रेसवरील बंदी उठविली आणि नऊ दिवसांनीं नेल्सन मंडेला कारागृहाबाहेर आले. हें सारें डाकारमुळें घडलें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. देशांतील चळवळ, जगाचा बहिष्कार आणि शीतयुद्धाचा अंत हीं कारणें त्याहून मोठीं. डाकारनें इतकेंच दाखविलें कीं, बोलणें शक्य आहे.

पुढें काम पालटलें. एप्रिल १९९४ च्या निवडणुकींत बहुसंख्य मतदार आयुष्यांत प्रथमच मत देणार होते. मतपत्रिकेवर फुली कोठें करावयाची, येथपासून शिकवावयाचें होतें. मत गुप्त राहतें, मालकाला किंवा मुखियाला तें कळत नाहीं, हें पटविणें तर त्याहून कठीण. इडासा व तिच्यासारख्या अनेक संस्थांनीं हें शिक्षण गांवोगांव नेलें. मतपत्रिकेवर पक्षांच्या पुढाऱ्यांचीं छायाचित्रें होतीं. एका पक्षानें अगदीं शेवटीं भाग घेण्याचें ठरविल्यामुळें त्याचें नांव चिकटपट्टीनें खालीं जोडावें लागलें. तरीही जवळजवळ २ कोटी मतांपैकीं बाद ठरलीं तीं शेंकडा एकच्या आसपास. रांगांत तासन् तास उभ्या राहिलेल्या त्या नवशिक्या मतदारांनीं आपला पाठ किती नीट गिरविला होता, याचा हा पुरावाच नव्हे काय?

निवडणूक झाली, आतां संस्थेचें प्रयोजन काय, असें कोणी म्हणालें असतें. इडासानें तसें मानलें नाहीं. पार्लमेंटांत काय चालतें तें लोकांना कळविणें, सरकारच्या अंदाजपत्रकाचा अर्थ सामान्यांस उलगडून सांगणें, हीं कामें तिनें हातीं घेतलीं. १९९९ मध्यें घाना व अमेरिका येथील संस्थांसह तिनें आफ्रोबॅरोमीटर नांवाची लोकमताची पाहणी सुरू केली. पहिल्या फेरींत १२ देश होते. पुढें ही संख्या तीसच्या वर गेली. पाहणी करणारा माणूस घरीं जातो, समोर बसतो आणि उत्तर देणाऱ्यास सोयीच्या भाषेंत प्रश्न विचारतो. गोखल्यांना मराठींत बोलावयास लावण्यामागें गांधींचा जो हेतु होता, त्याचेंच हें दुसरें रूप म्हणावें.

संस्थेचा शेवटचा मोठा झगडा पैशाविषयींचा होता. राजकीय पक्षांना खासगी देणग्या कोण देतो, हें मतदारांस कळलें पाहिजे, म्हणून तिनें प्रमुख पक्षांविरुद्ध न्यायालयांत दाद मागितली. २००५ मध्यें केपटाउनच्या उच्च न्यायालयानें ती मागणी फेटाळली. पुढें इतर संस्थांनीं तो धागा उचलला, आणि देणग्या उघड करावयास लावणारा कायदा १ एप्रिल २०२१ पासून अमलांत आला. तो पाहावयास इडासा उरली नव्हती. २०१३ च्या मार्चांत द्रव्याभावीं तिनें आपलीं दारें मिटलीं.

पक्षांना पैशाचा हिशेब विचारणारी ही संस्था स्वतः मुख्यतः परदेशस्थ दात्यांच्या साहाय्यावर चालत असे. यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं. १९०९ मध्यें ट्रान्सव्हालच्या सत्याग्रहासाठीं मुंबईच्या रतन टाटांनीं २५,००० रुपये दिले, तेंही परदेशचेंच द्रव्य होतें. परंतु दात्याची दृष्टि संकटाकडे असते. संकट सरलें, नवें राज्य स्थिर झालें असें वाटलें, कीं ती दुसरीकडे वळते. लोकशाहीची राखण हें काम मात्र संकटाबरोबर सरत नाहीं. तें रोजचें आहे, रुक्ष आहे, आणि त्याचा खर्च अखेर घरच्यांनीं उचलावा लागतो.

स्लॅबर्ट २०१० मध्यें वारले, बोरेन २०१८ मध्यें. आफ्रोबॅरोमीटरची पाहणी अद्याप चालू आहे, आणि पक्षांच्या देणग्यांचे आंकडे प्रसिद्ध होत आहेत. संस्था गेली तरी तिनें विचारलेले प्रश्न मागें राहिले. आपल्या शहरांत असे प्रश्न विचारणारी एखादी लहानशी मंडळी असेल, तर तिची वर्गणी आपण या वर्षीं भरली आहे काय, एवढें मनाशीं तपासून पाहावें, ही विनंती करून मी आपली रजा घेतों.