घरी परतलेला सैनिक आणि बदललेला खुनी

चित्रपट हा समाजमनाचा आरसा होय, असे मानण्याचा प्रघात आहे. त्याचा ऐतिहासिक साधन म्हणून उपयोग करताना मात्र हे मत पारखून घेणे अवश्य ठरते.

१९४६ साली प्रदर्शित झालेल्या ‘द ब्लू डाहलिया’ या अमेरिकन रहस्यपटाचा नायक जॉनी मॉरिसन हा नौदलाचा वैमानिक. युद्धावरून तो लॉस एंजेलिसला घरी परततो. पत्नीची प्रतारणा त्यास कळते. त्याच रात्री तिचा खून होतो व संशय त्याच्यावर येतो. खऱ्या खुन्याचा शोध त्यास स्वतःच घ्यावा लागतो.

पटकथा रेमंड चँडलरची. फिलिप मार्लो या खासगी गुप्तहेराचा जनक तोच. त्याच्या मूळ योजनेत खुनी होता नायकाचा युद्धसोबती बझ. मस्तकास जखम झालेला हा सैनिक भानावर नसताना खून करतो व नंतर ते विसरून जातो. सैनिक खुनी दाखविण्यास अमेरिकेच्या नौदल खात्याने हरकत घेतली. परिणामी शेवट बदलून हा गुन्हा हॉटेलच्या नोकरीतील गुप्तहेर न्यूएल याच्या माथी मारण्यात आला.

तथापि बझची जखम, संगीत कानी पडताच उसळणारा त्याचा संताप आणि हरवणारी स्मृती चित्रपटात तशीच राहिली. कारण शिल्लक राहिले. कार्य तेवढे पुसले गेले. म्हणून अशा साधनावर कोणाचा हात फिरला होता, हे अभ्यासकाने आधी पाहिले पाहिजे. एरवी १९४६ च्या प्रेक्षकास जे दिसू दिले नाही, ते आपणासही दिसणार नाही.