पाळीव उंदीर : निवड व दत्तक

तपकिरी उंदराचा (रॅटस नॉर्व्हेजिकस) माणसाळलेला प्रकार. आयुर्मान साधारण 2 ते 3 वर्षे. ब्रिटनमध्ये उंदीर पाळण्याच्या छंदाचा लिखित इतिहास व्हिक्टोरियाकालीन लंडनपर्यंत मागे जातो. राणीचा उंदीर पकडणारा म्हणवून घेणारा जॅक ब्लॅक निराळ्या रंगाचे उंदीर न मारता त्यांची पैदास करून विकत असे. पत्रकार हेन्री मेह्यूने त्याची हकीकत नोंदवून ठेवली आहे. उंदीरप्रेमी मेरी डग्लस यांच्या प्रयत्नांमुळे 1901 मध्ये ब्रिटनच्या नॅशनल माउस क्लबने एल्सबरीच्या प्रदर्शनात उंदरांना जागा दिली आणि 1976 मध्ये नॅशनल फॅन्सी रॅट सोसायटी स्थापन झाली. प्रदर्शनांनी रंग, कानांची ठेवण आणि केसांचा पोत यांचे बारकावे जपले. त्यामुळे नवखा पालकही प्रथम रंगच पाहतो. हा क्रम उलटा आहे. आधी संख्या ठरवावी, मग श्वास व स्वभाव तपासावा, रंग सर्वांत शेवटी पाहावा.

उंदीर कळपाने राहतो. 2011 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या शिकागो विद्यापीठातील प्रयोगांत, नळीत अडकलेल्या सोबत्याला मोकळा उंदीर दार उघडून सोडवत असे. शेजारी चॉकलेट ठेवले तरी सोडवी आणि बहुधा ते वाटूनही खाई. यामागे सहानुभूती आहे की केवळ सहवासाची ओढ, यावर मतभेद आहेत. सोबतीची गरज मात्र दोन्ही अर्थांनी सिद्ध होते. म्हणून एकाच लिंगाचे किमान दोन उंदीर घ्यावेत. एकटा उंदीर माणसाला जास्त लळा लावतो, असा आक्षेप घेतला जातो. पण माणूस झोपतो तेव्हा उंदीर जागा असतो आणि एकमेकांचे अंग चाटून साफ करणे माणसाला जमणारे नाही. असा लळा बहुतेकदा एकटेपणातून येतो. रोज हाताळलेली जोडीही माणसाळते. पिले वाढतील ही भीती मात्र खरी आहे. गर्भकाळ सुमारे 3 आठवड्यांचा, पिले पाचव्या आठवड्याच्या सुमारास प्रजननक्षम होतात. नर-मादी वेळीच वेगळे न करणाऱ्या विक्रेत्याकडची मादी गाभण निघू शकते.

बहुतेक पाळीव उंदरांच्या श्वसनमार्गात मायकोप्लाझ्मा पल्मोनिस हा जिवाणू असतो. मूत्रातील अमोनिया साचला की आजार बळावतो. म्हणून उंदीर कानाशी धरून श्वास ऐकावा. घरघर किंवा टिकटिक येत असेल, तर दया म्हणून तो निवडण्याआधी उपचारांचा खर्च झेपेल का याचा विचार करावा. डोळ्यांभोवतीचा लाल स्राव रक्ताचा नसून पॉर्फिरिन या रंगद्रव्याचा असतो. तो जास्त असल्यास ताण किंवा आजार समजावा. माद्यांमध्ये स्तनांच्या गाठी वारंवार होतात. निवारा केंद्रातील प्रौढ उंदराचा स्वभाव आधीच कळतो, हा दत्तक घेण्याचा मोठा फायदा आहे.

आहार : तयार खाद्यगोळ्या, थोड्या ताज्या भाज्या.

1896 च्या मुंबईतील प्लेगची आठवण असलेल्या समाजात रोगाचा आक्षेप स्वाभाविक आहे. प्लेग पसरवणाऱ्या पिसवा बंदिस्त पैदाशीच्या, घरातच राहणाऱ्या उंदरांवर सहसा नसतात. तरी धोका शून्य नाही. चाव्यातून उंदीरदंश-ज्वर होऊ शकतो, आणि 2017 मध्ये अमेरिकेत पाळीव उंदरांमार्फत माणसांना सोल या हंताविषाणूची लागण झाली होती. रस्त्यावरचा उंदीर पकडून पाळू नये, हाताळल्यावर हात धुवावेत, लहान मुलांच्या हाती एकट्याने देऊ नये. उंदरांवर उपचार करणारा पशुवैद्य जोडी घरी आणण्याआधीच शोधून ठेवावा. कुत्र्यामांजरांचा प्रत्येक दवाखाना त्यांना तपासतोच असे नाही.