मुलांच्या लोकरी विजारीचा कमरपट्टा : नाडी, वीण आणि रबर

वस्त्रांच्या इतिहासात राजवस्त्रे, लष्करी गणवेश व उत्सवी पोशाख यांना जेवढी जागा मिळाली आहे, तिच्या शतांशही लहान मुलाच्या विजारीला मिळालेली नाही. ती विजार कमरेवर टिकते कशी, हा प्रश्न तर शिवणकामाच्या पुस्तकांवर सोपवून इतिहासकार मोकळे झाले आहेत. वस्तुतः इंग्लंडमध्ये हातांनी विणलेल्या लोकरी विजारीच्या कमरपट्ट्याने जी वळणे घेतली, त्यांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. रबर आले म्हणून जुनी विद्या निकामी झाली नाही. रबर दुर्मिळ होताच पुन्हा तिच्याकडेच वळावे लागले.

प्रश्नाचे मूळ बालकाच्या शरीररचनेत आहे. प्रौढाच्या कमरेखाली नितंबांचा रुंद भाग असतो आणि वस्त्र त्यावर अडते. दोन वर्षांच्या मुलाचे पोट पुढे आलेले असते व नितंब अरुंद असतात. त्यामुळे पट्टा पोटाच्या उतारावर बसतो आणि प्रत्येक हालचालीबरोबर खाली सरकतो. लोकरीने ही अडचण वाढते. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे एकतृतीयांश बाष्प शोषून घेते आणि तरीही हाताला ओलसर लागत नाही. याच गुणामुळे लंगोटावरच्या चड्डीसाठी ती पसंत केली गेली. पण शोषलेले पाणी म्हणजे वजनच. ते पट्ट्याला खाली ओढते, आणि ओला तंतू कोरड्याहून अधिक ताणला जातो.

म्हणूनच कमरेवर विश्वास न ठेवता खांद्यावर भार टाकण्याची युक्ती मुलांच्या पोशाखात फार काळ टिकली. अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रचलित झालेल्या 'स्केलेटन सूट' या मुलग्यांच्या पोशाखात विजार आखूड जाकिटाला गुंड्यांनी जोडलेली असे. 1908 पासून मार्केट हारबरो येथील सिमिंग्टन कंपनीने बनविलेल्या 'लिबर्टी बॉडिस' या मऊ बंडीच्या कडेलाही गुंड्या असत व त्यांना खालची वस्त्रे अडकवीत. ही युक्ती खात्रीची खरी. परंतु मुलाला स्वतः कपडे उतरविता येऊ नयेत, अशीच जणू तिची योजना होती.

दुसरी युक्ती नाडीची. येथे शब्दांची साक्ष मोलाची आहे. मराठीतील 'विजार' हा शब्द अरबी 'इजार' वरून आला. मूळ इजार म्हणजे कमरेभोवती गुंडाळावयाचे, न शिवलेले वस्त्र. ते शिवले गेले तेव्हा नाडीसाठी पोकळ घडी आवश्यक झाली, आणि तिला फारसीतून 'नेफा' हे नाव मिळाले. पुढे नाडीची जागा इलॅस्टिकने घेतली तरी मराठी शिंपी इलॅस्टिक 'नेफ्यात'च घालतो. आतली वस्तू बदलली, घराचे नाव राहिले. इंग्रजीत असेच स्थित्यंतर 'पिल्च' या शब्दाने अनुभवले. कातडे या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून निघालेला हा शब्द प्रथम केसाळ कातड्याच्या अंगरख्याला लावीत. नंतर तो तान्ह्या मुलाच्या लंगोटावरील फलालीच्या आवरणासाठी व अखेर विणलेल्या चड्डीसाठी रूढ झाला. अशा चड्डीच्या पट्ट्यात दोरा सुईवर घेऊन व पुढचे दोन टाके एकत्र विणून भोकांची ओळ पाडीत आणि तीतून पिळाची दोरी किंवा फीत ओवीत.

तिसरी युक्ती विणीतच दडलेली आहे आणि तीच सर्वांत विचारार्ह आहे. सुलट टाका कापडाच्या एका बाजूस उठून दिसतो, उलट टाका दुसऱ्या बाजूस. एकाआड एक, किंवा दोन सुलट दोन उलट, असे टाके घातले की सुलट टाक्यांचे उभे रकाने पुढे येतात, उलट टाक्यांचे मागे दडतात आणि कापड पंख्याच्या घड्यांसारखे मिटते. ओढले असता ते उलगडते, सोडले असता पुन्हा मिटते. आपल्याकडील विणणाऱ्या स्त्रिया जिला 'बॉर्डर' म्हणतात, ती हीच वीण. तीत ताणशक्ती धाग्याची थोडी व रचनेची फार असते. 1562 मध्ये मरण पावलेल्या टोलेडोच्या एलिओनोरा या फ्लॉरेन्सच्या डचेसच्या दफनातील मोज्यांत उलट टाके आढळतात. म्हणजे हातांना ही विद्या तेव्हा अवगत होती. यंत्राला मात्र ती पुष्कळ उशिरा साधली. विल्यम ली याच्या 1589 च्या मोजे विणण्याच्या मागावर केवळ साधी वीण निघे. उलट टाक्याची जोड देणारे साधन जेडेडाया स्ट्रट याने डर्बी येथे 1758-59 च्या सुमारास सिद्ध केले. हातांच्या मागे यंत्र जवळजवळ दोन शतके होते, हे येथे नोंदविण्याजोगे आहे.

तथापि केवळ विणीने काम भागत नाही. मूल वाकले की मागची बाजू अपुरी पडते व पट्टा ओढला जातो. यावर उपाय म्हणजे फक्त पाठीकडील टाक्यांवर मध्येच वळून काही अधिक ओळी विणणे. त्यामुळे मागची उंची पुढच्यापेक्षा वाढते. पट्टा घसरण्याचा दोष पुष्कळदा पट्ट्यावर टाकला जातो. खरा दोष त्याखालच्या आखूड पाठीचा असतो.

रबराच्या आगमनाने हे सर्व मागे पडेल असे वाटले. टॉमस हॅनकॉक याने 1820 मध्ये हातमोजे व पायमोजे यांच्या लवचिक बंधांचे एकस्व घेतले. पण कच्चे रबर थंडीत कडक व उन्हात चिकट होई. 1844 मध्ये चार्ल्स गुडइयर याला गंधक व उष्णता यांच्या प्रक्रियेचे एकस्व मिळाले आणि रबराचा धागा खऱ्या अर्थाने वापरण्याजोगा झाला. विणलेला पट्टा आत दुमडून नेफा करणे व त्यात इलॅस्टिक ओवणे ही त्यानंतरची सोय. दुसऱ्या महायुद्धात ती अकस्मात हिरावली गेली. ब्रिटनमध्ये 1 जून 1941 पासून कपड्यांचे नियंत्रण सुरू झाले व फेब्रुवारी 1942 मध्ये सिंगापूर पडले. मलायातील रबर शत्रूच्या हाती गेले, इलॅस्टिक मिळेनासे झाले. विणणाऱ्या आयांना भोकांची ओळ, पिळाची दोरी आणि गुंड्या यांचाच आश्रय घ्यावा लागला. कपड्यांचे नियंत्रण 15 मार्च 1949 पर्यंत राहिले.

युद्धोत्तर काळात प्लास्टिकच्या चड्ड्यांनी व नंतर टाकाऊ लंगोटांनी लोकरी चड्डीला बाजूस सारले. 1958 मध्ये ड्यू पाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स याने शोधलेल्या स्पँडेक्स धाग्याने रबराचेही महत्त्व कमी केले. कापडी लंगोटांकडे पुन्हा वळलेल्या काही पालकांमुळे एकविसाव्या शतकात हातविणीची लोकरी चड्डी परत दिसू लागली आहे, आणि तिच्या पट्ट्यात दोन सुलट दोन उलट हीच वीण आहे. नाडीला मात्र आता मोकळीक नाही. मुलांच्या कपड्यांतील दोऱ्यांविषयी 2004 मध्ये युरोपीय मानक आले, आणि त्यात कमरेवरील नाडीच्या लोंबत्या टोकांच्या लांबीलाही मर्यादा घालण्यात आली.