फेणी

फेणी : गोव्यातील पारंपरिक ऊर्ध्वपातित मद्य. काजूच्या बोंडांची आणि माडाच्या सुरेची असे तिचे दोन प्रकार. बाटली हलविल्यावर उठणाऱ्या फेसावरून (सं. फेन) हे नाव पडले, असे मानतात. काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून आणले. माडाची फेणी त्याहून जुनी.

काजूच्या बोंडांचा हंगाम साधारण मार्च ते मे. बोंडे झाडावरून तोडत नाहीत. पिकून आपोआप गळलेलीच वेचतात. बी काढून ती ‘कोळंबी’ नावाच्या कुंडात तुडवतात. चोथ्याचा गोळा दाबला असता थेंबथेंब निथळणारा गोड रस म्हणजे ‘नीरो’. तो न आंबवता ताजाच पितात. तुडवून निघालेला रस बाहेरून यीस्ट न घालता दोन-तीन दिवस आंबतो. भट्टीवरील पहिल्या धारेला ‘हुर्राक’ म्हणतात. तो सौम्य असतो. त्याच्या पुढील ऊर्ध्वपातनातून फेणी उतरते. तिच्यात अल्कोहोलचे प्रमाण सुमारे ४२ टक्के असते.

चांगल्या फेणीचा वास पिकल्या बोंडासारखा उग्र, पण स्वच्छ असतो. ती थोडीथोडी घ्यावी. हुर्राक लिंबू, मीठ आणि चिरलेल्या मिरचीसह रुचतो.

काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. २०१६ मध्ये गोवा शासनाने ‘देशी दारू’ हा शिक्का पुसून तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. गोव्याबाहेर, कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा-चंदगड भागातही काजू पिकतो. तेथे मोल मुख्यतः बीला आहे. बोंडाचे मोल मात्र फेणीनेच जाणले.